डॉक्टर दोनदा आले

जिजी, तुमचं तेरावं होऊन आज चार दिवस झाले. पाहुणे गेले. मागून आणलेली मोठी पातेली घासून ज्याची त्याला पोचती केली. आता घरात काम उरलं नाही, आणि मला मात्र बसता येत नाही. बसले की वाटतं, आत्ता आतून हाक येईल, "वहू, ओ वहू, माले जरा बसाड." दोनदा तर उठून आत गेलेसुद्धा. तुमची जागा सारवून मोकळी ठेवली आहे, ती बघितली आणि परत आले.

खरं सांगू? तुम्ही गेलात त्या दिवशी मला रडू आलं नाही. झोप आली. बायका जमल्या होत्या, गळ्यात पडून रडत होत्या, आणि मी थंड चुलीशेजारी भिंतीला टेकले ती तिथेच डोळा लागला. कोणीतरी म्हणालं, "वहूनं काळीज देखा, दगडनं शे." ऐकलं मी. एरवी मी ऐकून घेणारी नाही, तुम्हाला माहीत आहे. पण उठून तोंड वाजवायचं त्राण नव्हतं, म्हटलं असू दे दगडाचं.

तेराव्याला सगळ्यांनी एकच धोशा लावला होता. अहेव गेली, भरल्या घरात गेली, सोनं झालं म्हणे. बायको गेली तरी आबा मान हलवत होते. तुमचा मुलगा पाहुण्यांना पाणी देत होता. सोनं झालं! दोन महिने तुम्हाला धड आडवं होता आलं नव्हतं, हे त्यातल्या कुणाला ठाऊक होतं? मला ठाऊक होतं, आणि तुम्हाला.

दिवाळीच्या पाठोपाठ तुमचे पाय सुजायला लागले. आधी संध्याकाळी यायची ती सूज मग सकाळीही उतरेना. पायांतले तोडे मांसात रुतले. साबण लावला, तेल लावलं, मी ओढते आणि तुम्ही मला शिव्या घालता. शेवटी सोनाराला मागच्या दाराने बोलावून ते कापून घेतले. लग्नापासून पायांत असलेले तोडे गेले, तरी घरातल्या एकाही पुरुषाने विचारलं नाही. घरच्या बाईच्या पायांकडे कोण बघतो म्हणा. मग दम लागायला लागला. आडव्या झालात की छातीवर कोणी बसल्यासारखं व्हायचं. तुरीच्या पोत्याला टेकून बघितलं, पण पोतं टोचायचं. मग आपण दोघी पाठीला पाठ लावून बसायला लागलो. तुम्ही माझ्या पाठीवर भार टाकून डुलकी घ्यायचात आणि मी समोरच्या भिंतीवरच्या खुंट्या मोजत बसायची. पाच खुंट्या आहेत जिजी, त्यातली एक वाकडी आहे.

तुम्हाला शहाद्याला डॉक्टरकडे न्यायचं म्हटलं की तुम्ही अडून बसायचात. "मी गाडामां आडी पडीसन जावाव नही." गाडीत आडवी पडून जायचं नाही, याचं कारण मला माहीत होतं. तुमच्या सासूला असंच गाडीत घालून नेलं होतं आणि वाटेवरच्या नाल्यातच तिचा जीव गेला. गावाबाहेर मेलेलं माणूस गावात आणत नाहीत, म्हणून ती वेशीबाहेर झाडाखाली पडून राहिली आणि तिथूनच उचलली. स्वतःच्या उंबऱ्याला तिचे पाय परत लागले नाहीत. तुम्ही तेव्हा नवी सून होतात, तिच्या तोंडावरच्या माशा हाकलत बसला होतात. हे तुम्ही मला एकदाच सांगितलंत, शेंगा फोडता फोडता. त्यानंतर मी गाडीचं नाव काढलं नाही. कोणी चिंचपाड्याच्या मिशनच्या दवाखान्याचं सुचवलं होतं. तापी ओलांडायची, नंदुरबार गाठायचं, तिथून आगगाडी. त्या सुचवणाऱ्याला मीच वाटेला लावलं.

म्हणजे डॉक्टरनेच यायला हवं. आणि डॉक्टर काही येईना.

तुमचा मुलगा किती वेळा जाऊन आला! सडकेपर्यंत बैलगाडी, पुढे एस.टी., मग दवाखान्याच्या ओट्यावर बसून राहायचं. कंपाउंडर विचारायचा, "पेशंटचं वय?" सत्तरीच्या घरात म्हटलं की त्याच्या तोंडावर जे यायचं ना, ते हे घरी येऊन मला करून दाखवायचे. भुवया वर, ओठ खाली. बाळंतीण अडली, साप चावला तर डॉक्टर मोटारसायकल काढतो. म्हाताऱ्या माणसासाठी कशाला काढेल? वय झालं, असं होतंच. जसं काही वय झालं म्हणजे दम लागला तरी तो लागत नाही, आणि पाय दुखले तरी ते दुसऱ्याचे असतात.

डॉक्टरचीही बाजू होती, नाही असं नाही. एकटा माणूस. आपल्या गावचा रस्ता म्हणजे काळी माती, वर नाला. मागच्या वर्षी त्याची गाडी तिथे रुतली होती आणि चार जणांनी उचलून काढली होती. एका म्हातारीसाठी अर्धा दिवस घालवला तर ओट्यावरची माणसं कोणी बघायची? हे मला आज कळतं. तेव्हा मला त्याचा नुसता संताप यायचा.

शेवटी सारंगखेड्याच्या यात्रेने काम केलं. डॉक्टर यात्रेत यायचे होते. तिथून आपलं गाव जवळ, तर येतानाच घेऊन येतो, असं यांनी कबूल करून घेतलं. घरात काय धांदल उडाली! डॉक्टर आपल्या घरी येतो म्हणजे पाहुणा येतो. तुम्ही पोत्याला टेकल्या टेकल्या हुकूम सोडायला सुरुवात केलीत. ओटा सारव. पाटलाकडची हाताची खुर्ची आण. शिरा कर, तूप सढळ घाल. मला न्हाऊ घाल. नवं लुगडं काढ, ते हिरवं. मी म्हटलं, "जिजी, तो तुम्हाला तपासायला येतोय, बघायला नाही." तुम्ही म्हणालात, "मास्तरीण, माले शिकाडू नको."

मास्तरीण. म्हसावदच्या मास्तरांची मुलगी, सातवी पास, म्हणून तुम्ही मला ते नाव ठेवलंत. चिडलात की मास्तरीण आणि लाडात आलात तरी मास्तरीणच. मी नवी होते तेव्हा वाण्याकडून आलेल्या पुड्यांचे कागद तुम्ही हाताने सरळ करून कोठीवर ठेवायचात, माझ्यासाठी. भाकऱ्या झाल्या की म्हणायचात, "वाच बरं, काय लिखेल शे." अर्धी बातमी असायची, पुढचा भाग दुसऱ्याच कोणाच्या घरी जिऱ्याबरोबर गेलेला. पुढे काय झालं असेल यावर आपण दोघी तास तास वाद घालायचो. या घरात माझी सातवी कोणाच्या उपयोगी पडली असेल तर ती तुमच्याच.

पण त्या दिवशी सकाळी तुम्ही मला लागेल असं बोललात. मी तुमचे केस विंचरत होते. रात्री बसून बसून माझी पाठ मोडली होती, फणी जरा जोरात ओढली गेली असेल. शेजारची दाई बसली होती समोर. तिला तुम्ही म्हणालात, "माले पोटनी पोर ऱ्हाती, ते हाऊ दिन नही येता." पोटची पोर असती तर हा दिवस आला नसता. मी केसांना गाठ मारली, हिरवं लुगडं नेसवलं, पाय झाकले जातील असा घोळ सोडला. खुर्चीवर बसवलं. कुंकू लावलं. मग आत जाऊन शिऱ्याखालचा जाळ वाढवला.

बसल्यावर तुम्हाला बरं वाटायचं, दम लागायचा तो आडवं झाल्यावर. हे डॉक्टरला कोण सांगणार? त्याने पाहिली ती खुर्चीत ताठ बसलेली, हिरव्या लुगड्यातली, हसरी म्हातारी.

"काय होतंय आजी?"

"माले काय व्हनार शे? तुम्ही सांगा, तुम्हनी माय बरी शे ना?"

डॉक्टर हसले. आई तिकडे देशावर गावी असते, एकटीच, असं म्हणाले. तुम्ही लगेच विचारलंत, तिच्या गावात डॉक्टर आहे का? म्हणाले, आहे, पण तिलाही त्याच्याकडे चालतच जावं लागतं. मग नळी काढली आणि जाडजूड लुगड्यावरूनच इथे तिथे लावली. पायांना सूज आहे का म्हणाले. आबा म्हणाले, "थोडी शे. दोन-चार दिन व्हयनात." झोप लागते का? तुमचा मुलगा म्हणाला, लागते. कापसाची राखण करायला महिनाभर शेतात झोपणारा तुमचा मुलगा म्हणाला, लागते!

मी दाराआड उभी होते. आबांसमोर माझा पदर हनुवटीपर्यंत असतो आणि आवाज तर कधी निघतच नाही. हे आपल्या घरचं वळण. पण वळण मोडायची वाटही घरातच असते, आपण बायका ती रोज वापरतो. बांगड्या वाजवायच्या, भांडं आपटायचं, यांना आत बोलावून कानात सांगायचं. सूज येऊन दीड महिना झाला, तोडे कापले, रात्रभर बसून असतात, एवढं सांगायला कितीसा वेळ लागला असता? ताटली माझ्या हातातच होती. आपटली नाही.

लाज म्हणून नाही जिजी. मला राग आला होता. मी मनात म्हटलं, विचारा तुमच्या पोटच्या पोराला. सांगू दे त्याला, किती पाय सुजलेत ते. मी परक्याची पोर, मला काय कळतं. डॉक्टरांनी वयोमानाने होतं असं सांगितलं, ताकदीची बाटली लिहून दिली, शिरा दोनदा मागून घेतला आणि गेले. तुम्ही खुर्चीतून उठताना माझ्यावर कोसळलात, तेव्हा माझा राग कुठल्या कुठे पळाला. पण तोवर मोटारसायकलचा आवाजही गेला होता.

त्यानंतर तर डॉक्टरने दारच बंद केलं. हे पुन्हा गेले तेव्हा म्हणाले, "अहो, तुमच्या आई माझ्यापेक्षा धडधाकट आहेत. मला शिरा खायला बोलावता काय?" ओट्यावरची माणसं हसली म्हणे. आणखी एकदा गेले तर कंपाउंडरनेच परतवलं. मग तुमचा मुलगाही थकला. कापूस घरात यायचा होता, मजूर मिळत नव्हते. तो माझ्यावरच ओरडला, आता वय झालं तिचं, मी काय करू? मी त्याला उलटून बोलले नाही. कारण त्याचं काय चुकलं होतं? चुकलं होतं ते दाराआड उभं होतं.

तेव्हा मी चिठ्ठी लिहिली. तुमच्या नातवाच्या वहीचं पान फाडून, शाईने. दिवाळीपासून काय काय झालं ते सगळं. तोडे कापले, बोट दाबलं तर पायाला खड्डा पडतो, लघवी कमी झाली आहे, आडवं होता येत नाही, त्या दिवशी खुर्चीवर बसवून चूक केली, तेही. हे म्हणाले, "सुनेने डॉक्टरला चिठ्ठी लिहायची? लोक काय म्हणतील?" दोन दिवस ती त्यांच्या टोपीत पडून होती. तिसऱ्या दिवशी तुमचे ओठ निळे दिसायला लागले. हे उठले आणि गाडी जुंपली.

डॉक्टर त्याच दिवशी आले. नाला पायी ओलांडून आले, धोतरवाल्यांनी धोतर खोचावं तशी पँट वर केलेली. त्यानंतर तुम्ही अठरा दिवस होतात. इंजेक्शनने पाणी उतरलं, पायांची हाडं दिसायला लागली, आणि तुम्ही उशीवर डोकं टेकून झोपलात. अठरा रात्री. तेवढ्यासाठी मी त्या डॉक्टरला मागचं सगळं माफ केलं आहे. त्या अठरा दिवसांत आपण भांडलो ते मिठावरून. डॉक्टरने मीठ तोडलं होतं. तुम्ही आळणी खिचडी माझ्या अंगावर थुंकलात. शेवटच्या दुपारी तुम्ही उडदाचा पापड मागितलात, एक तुकडा. मी म्हटलं, डॉक्टरांनी नाही सांगितलंय. तुम्ही म्हणालात, "मास्तरीण, तू लई कठीन शे." संध्याकाळी दिवेलागणीला गेलात, आपल्या घरात, आपल्या जागेवर. पापडाचा डबा अजून तसाच आहे. मला तो उघडवत नाही. द्यायला हवा होता का हो तुकडा? काय बिघडलं असतं? पण दिला असता आणि गेला असतात, तर मग मी काय केलं असतं? हा वाद मी एकटीच घालत बसते.

हे सगळं सांगितलं. पण सांगायला बसले होते ते अजून राहिलंच आहे. डॉक्टर दुसऱ्यांदा आले त्या दुपारचं.

या वेळी खुर्ची नव्हती, शिरा नव्हता. तुम्ही पोत्याला टेकून, जुन्या लुगड्यात. डॉक्टरांनी स्वतः पाय उघडे केले आणि बोटाने दाबलं. खड्डा पडला तो तसाच राहिला. आबा पुढे वाकून बघत होते, पहिल्यांदाच बघत होते. डॉक्टरांनी खिशातून माझी चिठ्ठी काढली.

"ही कोणी लिहिली?"

यांनी मान खाली घातली. 

"मी," मी दाराआडून म्हणाले. लग्नाला अकरा वर्षं झाली, आबांनी माझा आवाज असा समोरून त्या दिवशी ऐकला.

"बाहेर या. मला दाराशी बोलता येत नाही."

मी आले. पदर होताच, पण आले. डॉक्टर विचारत गेले आणि मी सांगत गेले, ते कागदावर लिहीत गेले. आबा खाली बघत होते. तुम्ही डोळे मिटून घेतले होते, मला वाटलं, रागावलात. इंजेक्शन झालं. बॅग बंद करता करता डॉक्टर थांबले. आवाज चढवला नाही, नुसतं विचारलं, "बाई, एवढं सगळं तुम्हाला माहीत होतं. मग त्या दिवशी का नाही सांगितलंत? महिना गेला. हा महिना आपल्या हातात असता, तर फार फरक पडला असता."

आबांनी मान वर केली. हे माझ्याकडे बघायला लागले. मी काय सांगणार होते? राग आला होता म्हणून?

तेव्हा तुम्ही डोळे उघडलेत. श्वास पुरत नव्हता, तुकड्या तुकड्यांनी बोललात. "तिले काही बोलू नका. मीच तिले सांगेल व्हतं... उगी ऱ्हाय म्हनीसन."

डॉक्टरांनी सुस्कारा टाकला. आबा म्हणाले, हिचा स्वभावच तसा, कोणाला बोलू देईल तर शपथ. हेही मान हलवून बाहेर गेले डॉक्टरांना पोचवायला. घरात आपण दोघीच राहिलो. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, आणि मग म्हणालात, जरा पाणी दे.

मी पाणी दिलं. त्यानंतर अठरा दिवस रोज ठरवलं, आज बोलायचं. रोज काहीतरी निघालं, गोळ्यांची वेळ, खिचडी, मीठ, तुमची कूस बदलायची. तुम्हाला माहीत होतं ना, मी का गप्प राहिले ते? त्या सकाळपासूनच माहीत होतं. तेराव्याला येऊन गेलेली सगळी माणसं आता घरोघर हेच सांगताहेत, म्हातारी हट्टी होती, सुनेला तोंड उघडू दिलं नाही, नाहीतर वाचली असती. मी ऐकते आणि खाली बघते.

जिजी, तुम्ही मला गप्प राहायला सांगितलं नव्हतं. मीच राहिले. हे तुमच्याशिवाय अजून कोणाला माहीत नाही.